मदत हवी आहे: भिंतीवरच्या घडीच्या टेबलावर शिलाई मशीन हादरतंय

शिवणाच्या कोपऱ्यात भिंतीला ४ × २ फुटांचं घडीचं टेबल लावलंय: १८ मिमी प्लाय, १६ इंची दोन फोल्डिंग ब्रॅकेट, उंची २९ इंच. मशीन साधं काळं, मोटर बसवलेलं. सावकाश ठीक चालतं; जीन्सची दुमड शिवताना वेग घेतला की पुढची कड लपलपते नि टाका लहान-मोठा पडतो.

मशीनखाली रबरी मॅट घातली. आवाज घटला, हेलकावा तोच. मशीन भिंतीकडे सरकवलं, तर मागे कापडाला जागा उरत नाही. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची), म्हणून ब्रॅकेटच्या स्क्रूंच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आवळल्या तरी पुन्हा सैल होतात (मूळ दुखणं बहुधा तेच).

टेबल रात्री मिटवावंच लागतं, तिथे गादी पडते. कापणी वेगळीकडे होते, त्यामुळे उंची बदलायची नाही.

आधी ब्रॅकेट केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून पक्क्या केलेल्या बोल्टने) बसवू, की पुढच्या कडेला बिजागरीचे पाय लावू? पाय लावले तर मधोमध एक पुरेल, की दोन्ही कोपऱ्यांना हवेत?