मदत हवी आहे: सीपी-विषमता शून्य भरूनही डेल्टा ए-सीपी शून्य येत नाही

इंदूरला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एलएचसीबीच्या (सर्नमधला कणभौतिकीचा प्रयोग) २०१९ च्या मोजणीची छोटी नक्कल करतोय. सीपी-विषमता म्हणजे कण आणि त्याचा प्रतिकण यांच्या क्षयाच्या प्रमाणातला फरक. डी-शून्य या कणाच्या दोन केऑन आणि दोन पायॉन अशा दोन क्षयांतल्या विषमतांची वजाबाकी म्हणजे डेल्टा ए-सीपी. डेटा सगळा टॉय, म्हणजे संगणकावर बनवलेला. डी-स्टार या जड कणातून डी-शून्यासोबत सुटणाऱ्या मंद पायॉनच्या विद्युतभारावरून डी-शून्य की प्रति-डी-शून्य ते ठरतं. दोन केऑनच्या क्षयाच्या २० लाख घटना, दोन पायॉनच्या ७ लाख. दोन्हीकडे सीपी-विषमता शून्य. फक्त मंद पायॉनच्या शोधक्षमतेत संवेगानुसार बदलणारी विषमता घातली आहे. वजाबाकीत ती उडायला हवी, पण −०.५५ टक्के उरतात. गडबड कुठे असेल?

प्रतिसाद १
आधी त्रुटी बघा. ती साधारण १/√एन: तुमच्याकडे ०.०७ आणि ०.१२ टक्के, मिळून ०.१४. चार सिग्मा (त्रुटीच्या चौपट फरक) नशिबावर ढकलता येत नाहीत. (खऱ्या मोजणीत टक्करीत थेट तयार झालेल्या डी-स्टारच्या नमुन्यात ४.४ कोटी आणि १.४ कोटी घटना होत्या. याच हिशेबाने दहा हजारांत ३.१ येतात, प्रसिद्ध झालेली सांख्यिकी त्रुटी ३.२ आहे.)

संशय कटवर (ठरावीक मर्यादेपलीकडच्या घटनाच ठेवण्याची अट). स्थिर डी-शून्यातून केऑन ७९१ एमईव्ही संवेगाने निघतो, पायॉन ९२२ ने. दोघांना आडव्या संवेगाचा (शलाकेला लंब असलेला भाग) एकच कट लावलात की निवडले जाणारे डी-स्टार वेगळे, म्हणून मंद पायॉनही वेगळे. मग शोधविषमतेची सरासरी दोन्हीकडे सारखी कशी राहील?

डी-स्टारचा आडवा संवेग, स्यूडोरॅपिडिटी (शलाकेशी होणाऱ्या कोनाचं माप) आणि फाय (शलाकेभोवतीचा कोन) यांचा त्रिमितीय हिस्टोग्राम पार्श्वभूमी वजा करून काढा आणि केऑन-नमुना पायॉन-नमुन्याशी जुळेल अशी त्याच्या घटनांना वजनं द्या. हिस्टोग्राम दोन्ही भार एकत्र घेऊनच करा. वेगवेगळे केलेत तर जी विषमता मोजायची तीच पुसली जाईल. हिस्टोग्रामचे विरळ बिन (कप्पे) जोडून टाका.

प्रश्नकर्ता
वजनांनंतर −०.४०. चुंबकाची दिशा एकच ठेवली आहे.

प्रतिसाद २
मग कडेचे पायॉन काढलेले नसणार. कमी संवेगाच्या एका भाराच्या पायॉनला चुंबक शोधकाबाहेर वळवतो, दुसऱ्या भाराचा आत राहतो. तिथे विषमता १०० टक्क्यांपर्यंत जाते. कच्ची (थेट मोजलेली) विषमता म्हणजे सीपी, निर्मिती आणि शोध यांची बेरीज, हे सूत्र विषमता लहान असेपर्यंतच चालतं. मंद पायॉनच्या पीएक्स-पीझेड प्रतलावर (चुंबक वळवतो त्या दिशेचा आणि शलाकेच्या दिशेचा संवेग) कच्ची विषमता रंगवा. गडद पट्टे लगेच दिसतील, ते दोन्ही भारांसाठी सारखेच कापा. कापल्यावर वजनं पुन्हा काढा, जुनी चालणार नाहीत. चुंबक उलटा करून दुसरा नमुना बनवा आणि दोन उत्तरांची साधी सरासरी घ्या. घटना एकत्र ओतू नका, नमुने असमान असले तर सरासरी एकीकडे झुकते.

प्रतिसाद १
पुढे खऱ्या डेटावर जाणार असाल तर एक सापळा. केऑन-पायॉन क्षय चुकीच्या ओळखीने आत शिरला तरी त्याचा मंद पायॉन खराच असतो, त्यामुळे डी-स्टारच्या वस्तुमानात तोही शिखरच देतो आणि त्या वस्तुमानाच्या फिटला (वक्र जुळवून घटना मोजण्याला) वेगळा दिसत नाही. तो डी-शून्याच्या वस्तुमानात शोधा: दोन पायॉन मानलंत तर शिखराच्या खाली, दोन केऑन मानलंत तर वर.