ओढण्याचा व्यायाम राहिलाच की!

घरच्या घरी व्यायाम करायचा तर जोर, बैठका आणि प्लँक (कोपरं टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं) एवढ्यावर सगळं अंग निघतं असं म्हणतात. बरंचसं बरोबर आहे, पण त्यात ओढण्याचं काहीच नाही. जोरात छाती, खांदे, दंड कामाला लागतात, बैठकीत मांड्या. पाठ मात्र उपाशीच. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग तालमीतल्या पैलवानांना ती कसर दोरावर चढून भरता येते. आपल्या वन बीएचके मधे दोर बांधणार कुठं?

मी दाराला टॉवेल लावतो. दार अर्धं उघडं, टॉवेल दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठींमागून (हँडलमागून) घ्यायचा, दोन्ही टोकं हातात. पाय दाराच्या कडेला लावून मागं रेलायचं आणि कोपरं बरगडीला घासत स्वतःला वर ओढायचं. दहा-दहाचे तीन फेरे. मुठी ढिल्या असतील तर आधी स्क्रू आवळा. पहिला प्रयोग मी जेवणाच्या टेबलाखाली लोंबकळून केला होता, टेबल तांबड्या रश्श्यासकट अंगावर आलं. घरात अजून विषय निघतो.

जोर काढताना ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी दोन विटा मुठीत घट्ट धरून त्यांवर जोर काढावेत, मनगट कमी वाकतं. तेही जड जात असेल तर कट्ट्यावर हात टेकून सुरू करा, उंची हळूहळू कमी करा.

बैठका मात्र पहिल्याच दिवशी शंभर मारू नका राव. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा सुटत नाही. वीसपासून चालू करा, गुडघा कुरकुरत असेल तर मागं खुर्ची ठेवून तिला टेकेपर्यंतच खाली जा.