स्टिकरच्या दिव्यांआधीची गोष्ट
नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींतल्या गाड्यांचे हेडलाइट म्हणजे नुसते स्टिकर, मग फोर्ड-शेव्हरोलेवरून चाहते भांडतात कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. टोयोटाची आजची शर्यतीची कॅमरी मागच्या चाकांच्या जोरावर चालते, तिला व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन असतं. शोरूममधली कॅमरी मुळात पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी. नावाखेरीज साम्य फारसं नाही.

पण ही निष्ठा आली कुठून, ते 1969-70 मध्ये दिसतं. तेव्हा नियमच असा होता की शर्यतीत उतरवायची गाडी सामान्य ग्राहकालाही विकायला हवी. म्हणून डॉज या अमेरिकी कंपनीने 1969 मध्ये टोकदार नाकाची आणि डिकीवर उंच पंख असलेली चार्जर डेटोना काढली. किमान 500 गाड्या बनवणं भाग होतं. मार्च 1970 मध्ये अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकर या चालकाने तिच्यातच ताशी 200 मैलांचा, म्हणजे जवळपास 322 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. डॉजच्याच समूहातल्या प्लिमथची सुपरबर्ड ही तशाच घडणीची तिची बहीण. प्लिमथ सोडून फोर्डकडे गेलेला नामांकित चालक रिचर्ड पेटी तिच्यासाठी परत आला! आणि शोरूममध्ये? तिथे सुपरबर्ड पडून राहिल्या, काही विक्रेत्यांनी तर पंख काढून त्या विकल्या. आज त्याच गाड्यांसाठी संग्राहक प्रचंड पैसे मोजतात. 1971 मध्ये अशा गाड्यांच्या इंजिनावर मर्यादा आली आणि तो प्रकार संपला.

रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी घेता यायची. बापाने घेतलेला ब्रँड मुलगा सोडत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.