स्वतःपुरतं मागवलेल्या वस्तूवर ड्यूटी: लूट की रास्त?

ठसेवाली, मांजलपूर
काल इथे एका सदस्याने लिहिलं की परदेशातून सामान मागवणं हे पैसेवाल्यांचं खूळ आहे, 2026 च्या बजेटमध्ये वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरची ड्यूटी (आयातीवरचा कस्टमचा कर) 20 वरून 10 टक्क्यांवर आणली तीच चूक झाली, उलट शंभर टक्के लावायला हवी. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी लाकडी ठशांची छपाई करते. फाइन आर्ट्सला शिकले, आता घरीच मुलांना शिकवते. बारीक कोरीवकामाच्या जपानी पटाश्या इथे बडोद्यात मंगळबाजारात मिळत नाहीत, मुंबईतही क्वचितच. मागवल्या. पाकीट आलं ते कडेने कापून खाकी टेपने पुन्हा चिकटवलेलं. कस्टमसाठीच्या हिरव्या लेबलावर पाठवणाऱ्याने किंमत स्वच्छ लिहिली होती, तरी आकारणी त्याहून बरीच जास्त रकमेवर. पोस्टमन दारात उभा, पैसे द्या नाहीतर परत नेतो. विचारायचं कोणाला? पावतीवर एक आकडा, बाकी काही नाही.

ड्यूटी 20 वर येण्याआधीच्या काळाचा हिशेब सांगते. मूळ ड्यूटी 35 टक्के, त्या ड्यूटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यासकट किमतीवर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बेरीज 77.28 टक्के. म्हणजे चार हजारांच्या हत्यारांवर तीन हजारांच्या वर. शिवाय किमतीत भाडं आणि विमाही धरतात. यात कुठला पैसेवाला आला?

मंगळबाजार दुकानदार
ताई, कला वगैरे ठीक आहे, पण आमच्या बाजूनेही बघा. माझं खेळण्यांचं दुकान आहे. खेळण्यांवर 2020 मध्ये ड्यूटी 20 ची 60 झाली, 2023 मध्ये 70. 2021 पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, मार्क सक्तीचा. मी हे सगळं पाळतो, दुकानाचं भाडं भरतो, दोन माणसं ठेवतो. आणि समोरच्या बिल्डिंगमधला गृहस्थ तेच खेळणं मोबाइलवरून मागवतो, ना मार्क ना तपासणी. चिनी ई-कॉमर्सवाल्यांनी काय केलं होतं आठवतंय का? पाच हजारांखालच्या प्रत्येक पाकिटावर ‘भेट’ लिहायचं आणि फुकट सोडवून घ्यायचं. ती पळवाट बंद झाली तेव्हा आम्ही श्वास घेतला. आणि युरोपनेसुद्धा 2021 मध्ये 22 युरोंखालच्या पार्सलांची व्हॅटमाफी काढून टाकली. आपलंच सरकार वाईट असं नाही.

कारेलीबागची आजी
भेटींचा विषय काढलाच आहे तर बोलतेच. डिसेंबर 2019 मध्ये भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची माफी बंद केली. काय वगळलं? जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबर काही पाठवलंत तर ते चालत नाही! माझी बहीण न्यू जर्सीला. तिने नातवाला स्वेटर विणून पाठवला. स्वतःच्या हाताने विणलेला. त्याची किंमत काय लावायची? लोकर दोनशेची असेल. त्यावर ड्यूटी लावली, वर कुरियरवाल्यांनी स्वतःची ‘फी’ लावली ती ड्यूटीपेक्षा मोठी. चिनी कंपन्यांनी लबाडी केली त्याची शिक्षा माझ्या बहिणीला का?

रावपुरा
आजी, मुद्दा भरकटतोय. धागा वैयक्तिक खरेदीचा आहे.

कारेलीबागची आजी
भरकटत नाही. स्वेटर वैयक्तिकच आहे.

मंगळबाजार दुकानदार
मावशी, तुमच्या बहिणीच्या स्वेटरवर माझा काही आक्षेप नाही. पण पाकीट फोडल्याशिवाय कस्टमवाल्याला स्वेटर आणि पन्नास खेळणी यांतला फरक कसा कळणार?

अकोटा प्रवासी
आणि उलट्या दिशेचं काय? अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची ड्यूटीतली सूट बंद केली. आपल्या टपाल खात्याने पार्सलं घेणंच थांबवलं, सुरू झालं ते थेट 15 ऑक्टोबरला. दिवाळी पाच दिवसांवर! माझ्या आईने चकली, अनारसे, शेव सगळं डब्यात भरून टेप लावून ठेवलं होतं. खासगी कुरियरचा भाव ऐकून तिने डबे पुन्हा उघडले. दांडियाबाजारातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात हेच झालं. ट्रम्पना शिव्या घालताना आपण हे विसरतो की आपल्याकडे सहा वर्षं आधीच तेच केलं होतं.

रावपुरा
फराळाच्या पार्सलावर आता दहा जण लिहिणार हे माहीत होतं. पण ती अमेरिकेची ड्यूटी आहे, आपली नाही. आणि अनारसे अमेरिकेत गेले नाहीत म्हणून भारताने पटाश्यांवरची ड्यूटी काढावी?

ठसेवाली, मांजलपूर
काढा असं मी कुठे म्हटलं? वाचता तरी का? कशावर किती आणि का, हे कागदावर सांगा, एवढंच मागतेय. वैयक्तिक म्हटलं की कस्टमच्या दरयादीतल्या 9804 या एकाच शीर्षाखाली सगळं ढकलतात. कारागिराचं हत्यार आणि हौसेचं घड्याळ एकाच मापाने. याच शहरासाठी चित्रं काढणाऱ्या राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांवर. बाहेरचं हत्यार घेतल्यानेच इथलं काम घराघरात गेलं.

मंगळबाजार दुकानदार
रविवर्म्याने छापखाना काढला, धंदा केला. तोच न्याय लावायचा तर तुम्हीही धंद्याच्या नावाने मागवा, आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) काढा, माझ्यासारखे कागद भरा. वैयक्तिक म्हणून सवलत घ्यायची आणि शिकवणीची फीसुद्धा घ्यायची, हे दोन्ही कसं चालेल?

ठसेवाली, मांजलपूर
सहा मुलांच्या शिकवणीला आयईसी? आणि सवलत कसली, 77 टक्के भरले म्हणतेय मी! भाऊ, तुमचं दुकान माझ्या पटाश्यांमुळे बंद पडणार नाही. माझ्या घरी काय येतं-जातं यावर बोलू नका.

सयाजीगंज
दोघांनी जरा दमाने घ्या. माझ्या भाच्याला दुर्मीळ आजार आहे. 1 एप्रिल 2023 पासून राष्ट्रीय धोरणातल्या दुर्मीळ आजारांची औषधं वैयक्तिक वापरासाठी ड्यूटीमाफ झाली. सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवताना दमछाक झाली, पण मिळालं आणि औषध सुटलं. म्हणजे वस्तू कोणासाठी, कशासाठी, हे पाहून वेगळा नियम करणं सरकारला जमतं. औषधाला जमतं तर हत्यारांना का नाही?

मंगळबाजार दुकानदार
औषधाची गोष्ट वेगळी, त्यावर कोणी बोलणार नाही. ताईंच्या पावतीचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. मलाही कधी मूल्य का वाढवलं ते तोंडी सांगतात, लेखी मागितलं की माल अडकतो. आणि मावशींसाठी एवढं म्हणतो: सख्ख्या नात्यात, आधार जोडून, वर्षातून एकदा ठरावीक रकमेची माफी द्यायला हरकत नाही. पण खेळणी त्यातून बाहेर. यावर मी हटणार नाही.

कारेलीबागची आजी
खेळणी बाहेर काढली तर नातवंडांना पाठवायचं काय? वर्षातून एकदा एक खेळणं, ते दुकानात विकायला कोण नेतंय? मार्काची भीती असेल तर इथे तपासा, मी दोन दिवस थांबते.