मदत हवी आहे: वजाबाकी शाळेत वेगळी, घरी वेगळी

सिडकोची आई
मुलीची वजाबाकी अडली आहे आणि परवा चाचणी आहे. आम्ही शिकलो तसा खाली हातचा देऊन शिकवलं, तर "बाई असं नाही करत" म्हणून रडायला लागते. उत्तर तेच येतं तरी! शाळेत आता नेमकं कसं शिकवतात? लवकर सांगा.

गोदाकाठ
कितवीत आहे? माध्यम कोणतं? अडलेलं गणित इथे लिहा ना ताई, त्याशिवाय काय सांगणार?

निफाडकर काका
पाढे पाठ करून घ्या. आम्हाला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती. लासलगावला कांदा घेऊन गेलो की पट्टीचा हिशेब अजून तोंडी करतो. पाया पाढ्यांचाच.

सिडकोची आई
काका, पाढे येतात तिला. वजाबाकीचं विचारते आहे. तिसरी, मराठी माध्यम.

झेडपी गुरुजी, दिंडोरी
52 वजा 27 जमतं का?

सिडकोची आई
हो, ते जमतं. 403 वजा 178 दिलं की थांबते.

झेडपी गुरुजी, दिंडोरी
मग अडचण मधल्या शून्याची आहे. एककाला दशकाकडून घ्यायचं, तर दशकाकडेच काही नाही. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी तिच्यासमोर ठेवा. 178 द्यायचे आहेत. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा करायला सांगा. त्यातली एक मोडून दहा नाणी. आता तिच्याकडे शंभराच्या 3, दहाच्या 9 आणि नाणी 13. तेरातून आठ गेले 5, नवातून सात 2, तिनातून एक 2. उत्तर 225. नोटा हाताळून झाल्या की लगेच तेच वहीत मांडून घ्या, वरचे आकडे खोडून 3, 9, 13 असे लिहून. शाळेत हेच चालतं, दशक सुटं करणं.

गोदाकाठ
पण गुरुजी, जुनी रीत जास्त सुटसुटीत आहे. शून्य आलं तरी वर खाडाखोड नाही. तेरातून आठ 5, हातचा एक खालच्या सातला, झाले आठ, दहातून आठ 2, पुन्हा हातचा, चारातून दोन 2. संपलं.

झेडपी गुरुजी, दिंडोरी
सुटसुटीत आहे, मान्य. पण तो हातचा खाली का द्यायचा, हे तिसरीतल्या मुलाला विचारा. सांगता येत नाही.

गोदाकाठ
येतं की. दोन भावंडांच्या वयातला फरक दहा वर्षांनंतरही तेवढाच राहतो. तसे वर दहा एकक वाढवले, खाली एक दशक वाढवलं, फरक तोच. माझ्या भाचीला पटलं होतं.

झेडपी गुरुजी, दिंडोरी
पटेलही. पण चाचणी परवावर आली असताना दोन रिती एकत्र नकोत. मूल निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं करतं, वर दशक कमी करतं आणि खाली हातचाही देतं. अशा वह्या मी दरवर्षी तपासतो.

इंदिरानगर
तिसरीला शाळा किती वाजता भरते? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय 2024 मध्ये आला ना? आमच्याकडे रिक्षावाले काका अजून 7 लाच दारात येतात.

निफाडकर काका
लवकर उठलेलं चांगलं. पहाटेचं पाठांतर टिकतं.

इंदिरानगर
सात-आठ वर्षांच्या लेकराची झोप पुरी झाली नाही तर वर्गात डोळे मिटतात, काका. शिकणार काय?

सिडकोची आई
गुरुजी, नोटांनी जमलं! स्वतःच मोडत होती. हातच्याची रीत चाचणीपर्यंत काढत नाही. पण 500 वजा 236 ला परत विचारतेय, दोन्ही शून्यं आहेत, कुठून सुरुवात करू?

झेडपी गुरुजी, दिंडोरी
तिथेही शंभरापासूनच. 4 शंभर, 9 दहा, 10 सुटे. 264 येईल. मग 264 मध्ये 236 मिळवायला लावा. 500 आले की तिचं तिलाच कळेल बरोबर आहे म्हणून.