अनुभव धागा: नर्सिंगच्या अर्जाआधी उन्हाळ्यात उरकायचे सायन्सचे कोर्स (अमेरिका)

अमेरिकेत नर्सिंगला अर्ज करायचा तर ॲनाटॉमी (शरीररचना), फिजिओलॉजी (शरीराचं कार्य) आणि मायक्रोबायॉलॉजी (सूक्ष्मजंतू) लॅबसकट सहसा आधीच झालेले लागतात. बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी लेखन आणि सायकॉलॉजीही मागतात. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर नव्याने शिकू पाहणाऱ्या बायका आणि इथेच हायस्कूल झालेली आपली मुलंमुली यांच्यातले कितीतरी जण यातला एखादा विषय उन्हाळ्यातल्या ५, ६ किंवा ८ आठवड्यांच्या सत्रात बसवायचं ठरवतात. ज्यांनी हे कोर्स केलेत, जे शिकवतात, ज्यांना अर्जांचं काम माहीत आहे, त्यांनी इथे नेमकं लिहावं: किती तास लागतात, क्रम काय ठेवायचा, कुठे आणि का घसरतं. ‘अवघड आहे पण जमतं’ एवढ्यावर कुणाला निर्णय घेता येत नाही.

तासांचा हिशेब (कॅलिफोर्निया, कम्युनिटी कॉलेज)

नाव नोंदवण्याआधी कागदावर गणित मांडा. ४ युनिटच्या लॅबवाल्या विषयाला साधारण ५४ तास लेक्चर आणि ५४ तास लॅब असते, म्हणजे १०८ तास. उन्हाळ्यात यातला एकही तास कमी होत नाही, फक्त दिवस कमी होतात. ६ आठवडे, सोमवार ते गुरुवार, असे २४ दिवस धरले तर रोज साडेचार तास वर्गात. लेक्चरच्या दर तासामागे घरी दोन तास हा इथला रूढ हिशेब, म्हणजे आणखी १०८. एकूण आठवड्याला ३६ तास. ५ आठवड्यांच्या सत्रात हाच आकडा ४३ वर जातो. ही पूर्णवेळ नोकरी आहे असं समजूनच बाकीची कामं लावा.

या २४ दिवसांतून १९ जून आणि ४ जुलैच्या सुट्या जाऊ शकतात. तेवढा भाग उरलेल्या दिवसांत कोंबला जातो. तीन दिवस बुडाले की नेहमीच्या सत्रातले दोन आठवडे बुडाल्यासारखं आहे, आणि लॅब भरून द्यायला उन्हाळ्यात दुसरी तुकडी बहुधा नसते. पहिल्या दिवशी गैरहजर राहिलात तर जागा प्रतीक्षायादीतल्याला जाते. भारतातून परतीचं तिकीट सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचं काढू नका. जेट लॅगमध्ये पहिला आठवडा गेला तर तो परत मिळत नाही.

फीचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले गेलात तर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ४ युनिटला १८४. अनिवासी दर याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस लागतो. त्याचे पुरावे (भाडेकरार, राज्याचा लायसन्स, टॅक्स रिटर्न) आधीच काढून ठेवा.

वरच्याला जोड: कोर्स सोडायच्या तारखा

छोट्या सत्रात सगळ्या मुदती त्याच प्रमाणात आखडतात. आमच्या राज्यात, कॅलिफोर्नियात, ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) न येता कोर्स सोडायची मुदत सत्राच्या पहिल्या २० टक्क्यांत संपते, म्हणजे २४ दिवसांत साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी. पैसे परत मिळण्याची त्याहून आधी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डब्ल्यू घेऊन सोडायची मुदत ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे अठराव्या दिवसाच्या आसपास.

गोची अशी की पहिली मोठी परीक्षा बहुतेक वेळा पाचव्या दिवसानंतर असते. म्हणजे मार्क्स हातात येण्याआधीच निर्णय घ्यायचा. त्यासाठी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःची परीक्षा घ्या: तोवर शिकवलेल्या भागाचे लॅबचे शब्द कोऱ्या कागदावर, स्पेलिंगसकट, वही न बघता. निम्म्याच्या खाली असाल आणि दिवसाचे साडेचार तास घरी मिळत नसतील तर सोडा. बऱ्याच नर्सिंग शाळा सायन्सचा विषय एकदाच पुन्हा करू देतात आणि काही ठिकाणी डब्ल्यूसुद्धा एक प्रयत्न धरतात. ‘सी आला तर पुन्हा करू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. अर्जात सायन्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४.० पैकी) वेगळा मोजला जातो, आणि जागा कमी असल्यामुळे ३.० ही किमान अट असली तरी निवड त्याच्या बरीच वर होते.

ॲनाटॉमीची लॅब घेणारी

तीनही विषयांत उन्हाळ्यात नीट बसतो तो ॲनाटॉमी, कारण तो रोजच्या घोकंपट्टीवर आणि डोळ्यांवर चालतो. विद्यार्थी अडखळतात ते पाठांतर चुकीच्या जागी केल्यामुळे. पुस्तकातल्या रंगीत चित्रावर तयारी होते आणि परीक्षेत समोर येतं प्लास्टिकचं मॉडेल, मेंढीचा मेंदू, गाईचा डोळा किंवा शव. लॅब प्रॅक्टिकलला एका टेबलावर साधारण ६० ते ९० सेकंद मिळतात, मग घंटा आणि पुढचं टेबल. चित्र आठवून ते मॉडेलवर ‘लावायला’ तेवढा वेळ पुरत नाही. ओपन लॅबचे (वर्गाबाहेर स्वतः सराव करायचे) जे तास असतात ते सगळे वापरा आणि मॉडेल प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने धरून ओळखा. मॉडेलचे फोटो घ्यायला परवानगी विचारा. शवाचे फोटो काढायचे नसतात, हे न सांगताच पाळा.

पहिल्या दिवशी मिळालेल्या यादीतली नावं मोजा आणि २० ने भागा. आलेला आकडा हा रोजचा कोटा. उरलेले चार दिवस फक्त उजळणीचे. आज शिकलेलं उद्या, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी पुन्हा, दर वेळी आठवून लिहायचं. नुसतं वाचलं की ‘येतंय’ असा भास होतो.

नेहमी जाणारे मार्क्स:

स्पेलिंग. कमरेचं हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही आपल्या तोंडात ‘इलियम’च. इंग्रजीत तिसरं अक्षर बदलतं: हाडाला आय, आतड्याला ई. तसंच पेरोनियल आणि पेरिनियल, ट्रपीझियम (मनगटाचं हाड) आणि ट्रपीझियस (पाठीचा स्नायू). मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे शब्द उच्चारावरून लिहू नयेत, हाताने वीस वेळा लिहावेत.

डावं-उजवं. मांडीचं हाड हातात घेतलं की डोकं शरीराच्या मधल्या रेषेकडे आणि लिनिया ॲस्पेरा ही खरबरीत रेघ मागे, अशी जागा लावा, मगच बाजू ठरवा. बाजू नेहमी देहाची, बघणाऱ्याची नव्हे.

हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती ओळखणं). याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला तेच येतं. ट्रान्झिशनल आणि स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस या दोन आवरण-ऊतींत गोंधळ झाला तर सगळ्यात वरचा थर बघा: ट्रान्झिशनलमध्ये पेशी घुमटासारख्या फुगीर, स्क्वेमसमध्ये चपट्या. स्मूद मसल आणि डेन्स रेग्युलर कनेक्टिव्ह टिश्यू सारखे दिसतात. स्नायूत केंद्रक पेशीच्या आत असतं, दुसऱ्यात ते तंतूंच्या मध्ये चेपून बसलेलं असतं.

मायक्रोबायॉलॉजी, लॅब असिस्टंट

मायक्रोला अभ्यास एक वेळ आटोपता येईल, जंतूंना घाई करता येत नाही. प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीवर) जंतू उगवायला २४ ते ४८ तास लागतात, तुमचं सत्र ६ आठवड्यांचं असो की १६ चं. म्हणून उन्हाळ्यात एक चूक म्हणजे थेट दोन दिवस गेले.

सगळ्यात जास्त बिघडतो तो ग्रॅम स्टेन (जंतूंना रंगवून पॉझिटिव्ह म्हणजे जांभळे आणि निगेटिव्ह म्हणजे गुलाबी असे दोन गट ओळखणं), आणि पुढची ‘अननोन’ जंतू ओळखायची अख्खी पायरी त्यावर उभी असते. स्लाइडवर पाण्याचा लहान थेंब, त्यात कॉलनीला (प्लेटवर उगवलेल्या जंतूंच्या ठिपक्याला) सुई जेमतेम टेकवून घेतलेले जंतू. दुधाळ पातळ थर दिसला पाहिजे, दाट लेप नको. हवेत पूर्ण वाळवा, मग ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा. ओली स्लाइड तापवली तर पेशी फुटतात. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुवा. आयोडीन १ मिनिट, धुवा. मग ९५ टक्के अल्कोहोल थेंब थेंब, खाली पडणारं अल्कोहोल रंगहीन होईपर्यंत, बहुधा १० ते १५ सेकंद, आणि लगेच पाणी. शेवटी सॅफ्रॅनिन १ मिनिट. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात, कमी पडलं किंवा थर जाड असला तर निगेटिव्हही जांभळे राहतात. त्यासाठी त्याच स्लाइडवर बाजूला स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय यांचे ठिपके ठेवा. ते दोन बरोबर आले तरच मधल्याचा रंग खरा.

दुसरी गोष्ट शिळ्या कल्चरची. २४ तासांपलीकडची पॉझिटिव्ह पेशी बऱ्याचदा रंग धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात गुरुवारी लावलेली प्लेट सोमवारी हातात येते, म्हणजे चार दिवसांची. शुक्रवारी ती इन्क्युबेटरमधून फ्रिजमध्ये हलवायला लॅबवाल्यांना सांगून ठेवा, आणि सोमवारी स्टेन न करता आधी ताजी प्लेट काढा. मंगळवारी स्टेन करा. एक दिवस गेल्यासारखा वाटतो, पण चुकीच्या रंगावरून पुढच्या सगळ्या टेस्ट चुकीच्या लावण्यापेक्षा बरा.

स्ट्रीक करताना (प्लेटवर तारेच्या लूपने जंतू पसरवताना) प्लेटच्या चार भागांपैकी प्रत्येक भागाआधी लूप तापवा आणि गार होऊ द्या. सुट्या कॉलनी मिळाल्या नाहीत तर मिश्र कल्चरवर केलेली एकही टेस्ट धरता येत नाही. कॅटलेज टेस्टला (बुडबुड्यांवरून जंतूतलं एक एन्झाइम ओळखणं) ब्लड अगारवरची (रक्त घातलेल्या प्लेटवरची) कॉलनी घेऊ नका, रक्तपेशींमध्येच कॅटलेज असतं आणि बुडबुडे खोटे येतात. लाकडी काडी वापरा. मॅकॉन्की प्लेटवर गुलाबी म्हणजे लॅक्टोज आंबवणारा, मॅनिटॉल सॉल्ट प्लेटवर पिवळं म्हणजे मॅनिटॉल आंबवणारा, हे कारणासकट वहीत लिहा. रिपोर्टात निकालाइतकेच मार्क्स कारणाला असतात.

फिजिओलॉजी उन्हाळ्यात नकोच

स्पष्टच लिहिते. ॲनाटॉमीत काल चुकलेलं हाड आज पाठ करता येतं. फिजिओलॉजीत आयनांची ये-जा कळली नाही तर पुढे स्नायू कळत नाही, स्नायू नाही तर हृदय नाही, आणि नेफ्रॉनपर्यंत (मूत्रपिंडातल्या गाळणीपर्यंत) पोचेतो सगळं पाठांतर होऊन बसतं. परीक्षेत विचारतात: रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर पेशीच्या −७० मिलिव्होल्टचं काय होईल आणि हृदयावर काय दिसेल? हे पाठ करून येत नाही, मुरावं लागतं, आणि मुरायला दिवस लागतात. शिवाय पुढे नर्सिंगमध्ये औषधं शिकताना रोज लागतो तो हाच विषय. ॲनाटॉमी उन्हाळ्यात, फिजिओलॉजी फॉलमध्ये (उन्हाळ्यानंतरच्या सत्रात) पूर्ण सत्रभर, असा क्रम लावा.

वरच्या मताशी अर्धी सहमत

५-६ आठवड्यांत नको, हे खरं. पण स्प्रिंगला (उन्हाळ्याआधीच्या सत्रात) ॲनाटॉमी नुकतीच झाली असेल आणि केमिस्ट्री पक्की असेल तर ८ आठवड्यांत फिजिओलॉजी चांगली होते, कारण रचना डोक्यात ताजी असते. अट एकच: रोजचं लेक्चर त्याच रात्री बाणांच्या आकृतीत उतरवायचं. उदाहरणार्थ रक्तदाब पडला, मूत्रपिंडातून रेनिन, मग अँजिओटेन्सिन, ॲल्डोस्टेरॉन, सोडियम आणि पाणी राखलं, दाब वर. मग प्रत्येक बाण तोडून विचारायचं, ‘हा नसता तर?’ आकडे थोडेच आहेत, ते मात्र झोपेतही यावेत: रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६.

ज्या कॉलेजांत ए अँड पी (ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी) १ आणि २ असा जोड कोर्स असतो तिथे एका उन्हाळ्यात पाठोपाठ दोन्ही घेण्याचा मोह होतो. मध्ये एक शनिवार-रविवार मिळतो. हा मोह टाळा. आणि दोन भाग दोन वेगळ्या कॉलेजांत करू नका, विषयांची वाटणी जुळत नाही आणि शरीरातली एखादी संस्था (पचनसंस्थेसारखी) मधेच राहून जाते.

भारतातली डिग्री असणाऱ्यांसाठी

बीएस्सी मायक्रो किंवा बी. फार्म. झालंय म्हणून विषय सुटतील (पुन्हा करावे लागणार नाहीत) असं धरून चालू नका. आधी विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. याला महिने लागू शकतात. अनेक शाळा सायन्स ५ किंवा ७ वर्षांच्या आतलं मागतात, त्यामुळे जुनं सायन्स बाद होतं, पण इतर विषय बऱ्याचदा सुटतात. ऑनलाइन लॅब घेण्याआधीही ज्या शाळेत अर्ज करणार तिला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, काही ठिकाणी ती चालत नाही.

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, नोकरीला लागते. काही राज्यांत नर्सच्या परवान्याच्या अर्जावर सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. हे आधी विचारून मगच पैसे घाला.

टीज आणि अर्जाचं वेळापत्रक

टीज या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत १७० प्रश्न, २०९ मिनिटं. सायन्सचे ५० प्रश्न ६० मिनिटांत, आणि गुण धरल्या जाणाऱ्या ४४ पैकी १८ ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे. म्हणून ॲनाटॉमीचा उन्हाळी कोर्स संपल्यावर तीन-चार आठवड्यांत टीज द्या, सहा महिने थांबू नका. मात्र कोर्स चालू असताना देऊ नका.

अर्जाच्या मुदतीआधी ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर ‘चढलेली’ असावी लागते. कोर्स ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपला तरी ग्रेड यायला एक-दोन आठवडे जातात. त्याआधी ट्रान्सक्रिप्ट मागवलं तर त्यावर विषय ‘चालू’ दिसतो आणि पुन्हा पैसे भरून मागवावं लागतं. मागवताना ‘ग्रेड आल्यावर पाठवा’ हा पर्याय निवडा. नर्सिंगकॅसमधून (अनेक नर्सिंग शाळांचे अर्ज एकत्र घेणारी ऑनलाइन सेवा) अर्ज असेल तर तिथे कागदपत्रं तपासायलाही काही आठवडे धरा.

एक छोटी भर

मुलांचे समर कॅम्प फेब्रुवारी-मार्चमध्येच भरतात, वर्गाची नोंदणी मात्र एप्रिलच्या आसपास उघडते. आधी सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही तुकड्यांना चालेल असा कॅम्प धरा. लॅबसाठी पाय पूर्ण झाकणारे बूट, मागे बांधलेले केस, सुती कोट आणि चष्म्यावरून बसणारा गॉगल पहिल्या दिवसापासून लागतो. चपला घालून गेलात तर आत घेत नाहीत आणि ती लॅब गैरहजेरीत जाते.