जुनी चेनसॉ थंड असताना सुरू होत नाही: कार्बोरेटर बदलावा की दुरुस्त करावा?

काजूबाग, लांजा

नमस्कार मंडळी. काजू-आंब्याच्या फांद्या तोडायला स्टिल एमएस 180 आहे, 2012 च्या सुमाराची. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल-ऑइलचं मिश्रण तसंच राहिलं होतं. दसऱ्यानंतर बाहेर काढल्यापासून थंड असताना सुरू व्हायला फार छळते.

चोक लावून दोरी ओढत राहिलो तरी एकदाही फुटत नाही. मग प्लग काढून बघावा तर तो कोरडा ठणठणीत. प्लगच्या भोकातून अर्धा चहाचा चमचा मिश्रण सोडलं की लगेच पेटते, दोन-तीन सेकंद चालते आणि बंद. असं दोनदा-तीनदा केलं की धरते, मग फांद्या व्यवस्थित कापते, फक्त रेस सोडली की कधीकधी बंद पडते. प्लग नवा, एअर फिल्टर साफ, मिश्रण नवं: 1 लिटरला 40 मिली टूटी ऑइल. गॅरेजवाल्यानं कार्बोरेटरच नवा घालायला सांगितलाय. ऑनलाइन स्वस्तातले दिसतात. मूळचा ठेवावा की टाकून द्यावा?

यंत्रदुरुस्ती, कुडाळ

मूळचा टाकू नका. तुमच्या वर्णनातच निदान आहे. प्लग कोरडा आणि वरून पेट्रोल दिलं की पेटते, म्हणजे करंट आहे, कॉम्प्रेशनही पेटण्यापुरतं आहे, पेट्रोल पोचत नाही. प्लग ओला निघाला असता तर कॉइल आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या सुईच्या गळतीकडे बघायला सांगितलं असतं.

पहिली तपासणी फुकटची. टाकीचं झाकण सैल करून दोरी ओढा. तेवढ्यानं फरक पडला तर टाकीचा व्हेंट बुजलाय: हवा आत येत नाही, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही.

दुसरी, पेट्रोलचा पाइप. टाकीच्या तोंडातून तारेचा आकडा घालून फिल्टर बाहेर ओढा. फिल्टर बदलाच, तो धुऊन पुरा साफ होत नाही. पाइप टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथे तो वाकवून बघा. सरळ असताना चीर दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते. या चिरेतून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. मशीन चालू असताना ओढ जोरात असल्यानं काम भागतं, दोरीच्या ओढीला भागत नाही.

तिसरी, इम्पल्स पाइप. क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतून, कार्बोरेटरकडे येणारी ही छोटी रबरी नळी. कार्बोरेटरमधला पंप पिस्टनच्या खालच्या दाब-ओढीवर हलतो आणि तो दाब या नळीतून येतो. नळी निसटली किंवा तडकली तर पेट्रोल चढणारच नाही, शिवाय तिथून आत जाणारी हवा पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करते.

हे तिन्ही ठीक निघाले तर कार्बोरेटर उघडा. माझा संशय इथेच जास्त आहे. चार महिने पेट्रोल सुकत राहिलं की डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक होतो. नवा डायफ्राम बोटावर धरला तर मऊ पडतो, जुना कागदासारखा कडकडतो. कडक डायफ्राम दोरीच्या हलक्या ओढीला सुईचा लिव्हर दाबत नाही, सुई उघडत नाही, प्लग कोरडा राहतो. एकदा इंजिन फिरायला लागलं की ओढ वाढते आणि तोच डायफ्राम कसाबसा काम करतो. तुमची मशीन नेमकी हेच करते आहे.

कार्बोरेटरवर कोरलेला पूर्ण नंबर वाचून त्याच नंबरचा डायफ्राम-गॅस्केटचा किट मागवा. या मॉडेलवर बहुतेक झामा सी1क्यू मालिकेतला असतो, पण त्यातही पोटप्रकार आहेत. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. सुईच्या बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम, मग झाकण. हा क्रम उलटा झाला की लिव्हरची उंची बिघडते. पंपाच्या झाकणाखाली नखाएवढी बारीक जाळी असते, तिच्यावर पिवळट चिकटा बसतो. ती विसरू नका. छिद्रांत तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरतो, आणि फवारताना सगळे रबरी भाग बाहेर काढलेले असावेत. लिव्हरचं टोक खोलगट भागाच्या तळाशी समपातळीत ठेवा. वर राहिला तर पेट्रोल जास्त येऊन प्लग भिजेल, खाली गेला तर पुन्हा आजचीच तक्रार.

बसवण्याआधी सुई धरते का ते बघा. रक्तदाब मोजायच्या हातपंपाच्या यंत्राची नळी पेट्रोलच्या तोंडाला लावा आणि 300 पर्यंत दाब द्या; तो सुमारे 0.4 बार होतो. काटा स्थिर राहिला पाहिजे. कंपनीची चाचणी 0.8 बारची आहे, पण गळकी सुई 0.4 लाही सापडते. दाब उतरत असेल तर कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल.

स्वस्त कार्बोरेटरबद्दल: काही चालतात, पण जेटचं माप आणि लिव्हरची उंची मूळच्यासारखी असेलच असं नाही, आणि पातळ मिश्रणावर चाललेला पिस्टन जाम झाला की कार्बोरेटरच्या कितीतरी पट खर्च येतो. मूळच्याची बॉडी झिजलेली नसेल तर किटच घाला.

चंदगड

वरचं सगळं बरोबर, पण ऑइलचं माझं मत वेगळं. जुन्या मशीनला ऑइल जास्तच बरं. मी तर 50 मिली घालतो, रिंगा टिकतात.

टूस्ट्रोक, पुणे

चंदगडकर, यात थोडी दुरुस्ती करतो. ऑइल वाढवलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे जळण पातळ होतं. वर सायलेन्सरच्या जाळीत आणि एक्झॉस्टच्या तोंडात काजळी साचते, त्यामुळेही मशीन सुरू व्हायला अडते. किती घालायचं ते ऑइलवर ठरतं. कंपनीचं स्वतःचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 1:50, म्हणजे लिटरला 20 मिली. दुसरं कुठलंही हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 1:25, म्हणजे 40 मिली. लांजाकरांचं 40 मिली म्हणून बरोबर आहे, डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) असेल तर उत्तम. किनाऱ्यावर होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू3 ऑइल सहज मिळतं, ते यात घालू नये. ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, चेनसॉच्या तापमानाला टिकत नाही.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या मशिनींच्या पुस्तिका हातानं स्क्रू फिरवायच्या कार्बोरेटरसाठी 10 टक्क्यांवर इथेनॉल नको म्हणतात. त्याची कारणं दोन. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, ई20 ला साधारण 13.5. कार्बोरेटर जुन्याच मापानं देतो, म्हणजे सात-आठ टक्के पातळ मिश्रण. थंड इंजिनाला हे बाधतं आणि रेस सोडल्यावर बंद पडण्यातही याचा हात असू शकतो. तुमच्या कार्बोरेटरवर एल स्क्रू (स्लो रेसला पेट्रोल कमी-जास्त करणारा) असेल तर तो डावीकडे अष्टमांश वळसा सैल करून बघा. काही एमएस 180 वर फक्त एलए म्हणजे स्लो रेसचा स्क्रू असतो, तिथे हा मार्ग नाही. दुसरं कारण कोकणात जास्त महत्त्वाचं: इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्धी टाकी भरून पावसाळा काढला तर पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसतं, आणि टाकीतला फिल्टर नेमका तळाशी असतो. जुनं मिश्रण काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते मशिनीत घालू नका.

मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा, भरण्याआधी कॅन हलवा. ठेवणीला टाकताना टाकी रिकामी करा आणि स्लो रेसवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे डायफ्रामवर काही सुकत नाही.

काजूबाग, लांजा

सगळ्यांचे आभार. पाइपला टाकीच्या तोंडाशी चीर निघाली, वाकवल्यावरच दिसली. डायफ्रामही कडकडीत होता. पाइप, फिल्टर, किट घातलं. आता थंड असतानाही चोकवर लवकर फुटते. पण दोन अडचणी: फुटल्यावर पुढे ओढत राहिलं की प्लग भिजतो, आणि स्लो रेसवर चेन हळूहळू फिरते.

यंत्रदुरुस्ती, कुडाळ

पहिली अडचण बाहेरचा चोकचा लिव्हर लावण्याच्या पद्धतीची. अगदी खाली म्हणजे पूर्ण चोक. पहिला "फट्" आवाज आला की थांबा, इंजिन चाललं नाही तरी. लिव्हर एक घर वर घ्या आणि मग ओढा. सुरू झाली की ट्रिगर एकदा दाबून सोडा, लिव्हर आपोआप चालू स्थितीत येतो. फुटल्यानंतर चोकवर ओढत राहिलं की प्लग भिजणारच. भिजलाच तर प्लग काढा, लिव्हर बंदवर ठेवा, भोक स्वतःपासून दूर करून काही वेळा ओढा, प्लग पुसून बसवा. फट 0.5 मिमी.

चेन फिरण्याचं बघा. आधी हातात मोजे, पुढे मोकळी जागा, चेन ब्रेक सोडलेला. एलए स्क्रू डावीकडे फिरवत चेन थांबवा, मग त्याच दिशेनं आणखी पाव वळसा. स्लो रेस मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या आसपास हवी. या दरम्यान इंजिनच बंद पडलं तर एल स्क्रूकडे वळा: हलक्या हातानं पूर्ण बंद करून एक वळसा उघडा आणि गरम इंजिनावर तिथून थोडा इकडेतिकडे. एलए पुरेसा सैल करूनही चेन थांबत नसेल तर क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात. क्लच उलट्या आट्याचा आहे, काढताना उजवीकडे फिरतो. उलट जोर लावून तो मोडू नका.

आणि एक खूण लक्षात ठेवा. मशीन आडवी-उभी केली की रेस आपोआप चढत-उतरत असेल तर क्रँक सीलमधून किंवा खालच्या पॅनच्या जोडातून हवा शिरते आहे. या मॉडेलला सिलिंडर आणि खालचा पॅन सीलंटवर जोडलेले असतात. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडं सायकल-ट्यूबच्या रबरानं बंद करा, इम्पल्स नळीतून तोच 300 चा दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. मात्र सील दाबाला धरून ओढीला गळू शकतो, त्यामुळे बुडबुडे न दिसता रेस भरकटत राहिली तर ओढीची चाचणी करणाऱ्याकडेच द्या: 0.5 बार ओढ दिल्यावर 20 सेकंदांत ती 0.3 च्या खाली उतरता कामा नये.